भाषेची अट बरोबरच आहे, पण शिकायला वेळ कोण देणार?

फिनलंडमधल्या मराठी लोकांचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घ्या, वर्षातून चार वेळा तिथं एकाच विषयाचा धुरळा उडतो, युकीचं, म्हणजे इथल्या भाषापरीक्षेचं रजिस्ट्रेशन. सकाळी दहाला लिंक उघडते आणि हेलसिंकी, एस्पो, वान्ताच्या जागा चहा गार व्हायच्या आत संपतात. मग ज्याला मिळाली तो गप्प, आणि ज्याला नाही मिळाली तो विचारत सुटतो, अरे कुओपिओला कोणाला दिसतेय का, ओउलूला काही शिल्लक आहे का, रोवानिएमी चालेल का. तत्काळ तिकिटासारखाच प्रकार आहे सगळा, फक्त तिकीट मिळाल्यावर पुढं परीक्षाही आपणच द्यायची असते. फी दीडशे युरोंच्या वर, त्यात परगावी नंबर लागला तर रेल्वे आणि एक रात्र हॉटेल वेगळं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युकी म्हणजे फिनलंडची सरकारमान्य भाषापरीक्षा, १९९४ पासून चालू आहे. पेपर युवास्क्युला विद्यापीठातले लोक काढतात, देखरेख राष्ट्रीय शिक्षण मंडळाची. तीन स्तर आहेत, ग्रेड एक ते सहा, आणि ज्या ग्रेडसाठी सगळे जीव टाकतात ती म्हणजे मधल्या स्तरातली तीन, युरोपच्या मापात बी१, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. नागरिकत्वासाठी त्यातल्या ठरावीक जोड्या चालतात, म्हणजे बोलणं आणि लिहिणं, किंवा ऐकणं आणि लिहिणं, किंवा वाचणं आणि बोलणं. जोडी जमली नाही तर परत अख्खी परीक्षा, परत दहाची लिंक, परत फी. निकालाला साधारण दोन महिने लागतात, तोवर पुढच्या परीक्षेचं रजिस्ट्रेशन येऊन गेलेलं असू शकतं, त्यामुळे पास झालो की नापास हे कळायच्या आधीच पुन्हा पैसे भरायचे का, हा एक वेगळाच जुगार.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं जाईल. भाषेची अट बरोबर आहे. बी१ ही पातळीसुद्धा बरोबर आहे, जास्त वगैरे अजिबात नाही. चूक एकच आहे आणि ती मोठी आहे, की ही भाषा शिकायला लागणारा वेळ ज्याचा त्यानं रात्री पोरं झोपल्यावर आणि शनिवार-रविवारी काढायचा असं सगळ्यांनी धरून चाललंय, सरकारनं, कंपन्यांनी आणि आपण स्वतःसुद्धा. तो वेळ कामाच्या तासांत आला पाहिजे. नाहीतर कोणाला फिनिश किती येतं यापेक्षा कोणाच्या घरी सासूबाई येऊन राहिल्यात आणि कोणाचं कामाचं शेड्यूल बरं आहे तेच या परीक्षेत मोजलं जाणार.

आधी पहिला मुद्दा, कारण आपल्या लोकांचा मुख्य वाद तिथंच असतो. "इथं इंग्रजीत सगळं चालतं, मग कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय. चालतं, खरंय. टॅक्सची वेबसाइट इंग्रजीत, बँक इंग्रजीत, एस्पो शहरानं तर २०१७ मध्येच ठरवलं की इंग्रजीतूनही सेवा द्यायची. ऑफिसात फिनिश येत नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. पण घर घेऊन बघा. इथं फ्लॅट घेतला की आपण सोसायटीचे शेअरहोल्डर होतो आणि सोसायटीची वार्षिक सभा असते, ती फिनिशमध्ये. त्या सभेत कधीतरी पुत्किरेमोन्त्ती निघते, म्हणजे बिल्डिंगचे सगळे जुने पाइप बदलणं, आणि त्याचा खर्च एकेका फ्लॅटला हजारोंत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत युरो येतो. समोर सत्तरीच्या आजीबाई उठून अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर तावातावानं बोलतायत, अर्धं सभागृह मान डोलावतंय आणि तुम्ही फोनवर भाषांतराचं अ‍ॅप उघडून बसलाय, ते अ‍ॅप त्यांच्या मागं दोन वाक्यं चालतंय, आणि तेवढ्यात मतदान होऊन जातं. हात कशासाठी वर केला हे नंतर इतिवृत्तात कळतं. विल्मा या शाळेच्या अ‍ॅपवर येणारे पोरांबद्दलचे मेसेज, पाळणाघरातल्या बाईंचं दाराशी दोन मिनिटं थांबून सांगणं, आजारी पडल्यावर नर्सचं बोलणं, सगळीकडे हेच. इंग्रजीवर नोकरी निघते, शेजार निघत नाही.

आणि या देशाला भाषेचा आग्रह का आहे हे समजून घ्यायला फार खोल जायला नको. ५६ लाखांच्या आसपास लोकसंख्या. शेकडो वर्षं स्वीडनच्या राज्यात काढली, १८०९ मध्ये रशियाच्या ताब्यात गेले, आणि या सगळ्या काळात कचेरी, कोर्ट, सगळं चालायचं मुख्यतः स्वीडिशमध्ये. बहुसंख्य लोकांच्या फिनिशला सरकारदरबारी जागा द्यायचा पहिला मोठा हुकूम निघाला १८६३ मध्ये, तोही रशियाच्या झारनं काढलेला, आणि त्यामागं योहान विल्हेल्म स्नेलमनसारख्यांची खटपट होती. १९०६ मध्ये याच स्नेलमनच्या जन्मशताब्दीला हजारो कुटुंबांनी स्वीडिश आडनावं टाकून फिनिश आडनावं घेतली. विचार करा, आडनावं! ज्या लोकांनी भाषेसाठी आडनाव बदललं त्यांच्याकडून तुम्ही अपेक्षा करताय की आठ वर्षं त्यांच्यात राहून पासपोर्ट घेताना "मला पत्ता विचारता येत नाही पण मी टॅक्स भरतो" हे त्यांनी ऐकून घ्यावं.

मराठी माणसानं तर हा वाद घालूच नये असं मला वाटतं. मुंबईत बँकेच्या काउंटरवर मराठी बोललं जात नाही म्हणून आपण फेसबुक पेटवतो, आणि एस्पोत आल्यावर तोच माणूस म्हणतो की भाषेची सक्ती म्हणजे संकुचितपणा. दोन्ही मतं एका तोंडात बसत नाहीत. हां, एक फरक मात्र आहे आणि तो आपल्याच विरोधात जातो. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये नव्या रिक्षा परमिटला मराठी येण्याची अट घातली, २०१७ मध्ये हायकोर्टानं ती रद्द केली. त्या सगळ्या काळात गाजली ती अट, पण परमिट मागणाऱ्याला मराठी शिकवायचं कोणी, कुठं, किती वाजता, यावर मला तरी कोणी फारसं बोलताना दिसलं नाही. अट घालणं राजकारणाला फार सोयीचं असतं, वर्ग काढणं नसतं. फिनलंड आता थोड्या जास्त शिस्तीत तेच करतंय.

कारण गेल्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते बघा. जून २०२३ मध्ये पेत्तेरी ओर्पोंचं सरकार आलं. ऑक्टोबर २०२४ पासून नागरिकत्वासाठी पाच वर्षांऐवजी आठ वर्षं राहायला लागतं. जून २०२५ पासून नोकरीच्या परमिटवाल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने, काही प्रकारच्या लोकांना सहा. जानेवारी २०२६ पासून इथं कायम राहायच्या परमिटलाही भाषेची अट आली, जी आधी नव्हती, आणि त्यासाठी आधी राहायची वर्षं चाराची सहा झाली. म्हणजे पूर्वी युकी ही फक्त पासपोर्टवाल्यांची डोकेदुखी होती, आता जवळपास सगळ्यांची झाली. गंमत म्हणजे कायमच्या परमिटला एक वेगळी वाटही ठेवलीय, वर्षाला ४० हजार युरो कमाई असेल तर चार वर्षांत काम होतं आणि तिथं भाषा विचारत नाहीत. हे मला फार खटकतं. आपल्यातल्या बऱ्याच आयटीवाल्यांना हेच सोयीचं आहे म्हणून कोणी बोलत नाही, पण भाषा जर समाजात मिसळण्यासाठी हवी असेल तर पगार जास्त असणाऱ्याला ती माफ कशी? ज्या बाई सकाळी सहाला ऑफिसं झाडतात त्यांनी बी१ करायचं आणि ज्या ऑफिसात त्या झाडतात तिथल्या आर्किटेक्टनं नाही केलं तरी चालेल, यात कुठलं मिसळणं आलं.

आता वेळेचं गणित. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशेबानं इंग्रजीवाल्याला फिनिश नीट कामापुरतं यायला ११०० तास वर्गात बसावं लागतं, आणि त्यावर घरचा अभ्यास. ती पातळी बी१ च्या बरीच वर आहे, म्हणून आपण अर्धेच धरू, साडेपाचशे. संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून दोनदा, दीड-दोन तासांचा, सुट्ट्या वगळून वर्षाला सव्वाशे-दीडशे तास होतात. म्हणजे एकही सेमिस्टर न चुकता चार वर्षं. आणि न चुकता कोणाचं जमतं? प्रोजेक्टचा रिलीज येतो, पोराला ताप येतो, नोव्हेंबरात साडेतीनला अंधार पडायला लागला की डोकं तसंही चालत नाही, एक सेमिस्टर सुटलं की खालच्या वर्गात परत सुरुवात. शिवाय प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या नागरिक संस्थांच्या त्या स्वस्त वर्गांनाही जागा मिळवायला युकीसारखीच पळापळ.

दिवसभराचे सरकारी वर्ग आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि चांगले आहेत. एकात्मता प्रशिक्षण म्हणतात त्याला, फुकट असतं, महिनोन्महिने रोज चालतं. पण ते मुख्यतः नोकरी शोधणाऱ्यांसाठी, ज्याला नोकरी आहे त्याला तिथं जागा नाही. म्हणून आपल्याकडे घरोघरी एक मजेदार चित्र दिसतं, नवरा दहा वर्षं इथं, मोठ्या हुद्द्यावर, त्याला दुकानात "पिशवी नको" एवढंच म्हणता येतं, आणि डिपेंडंट व्हिसावर मागून आलेली बायको दीड-दोन वर्षांत पोस्टातल्या माणसाशी पार्सलवरून भांडून येते. मग सगळे नवऱ्याला आळशी म्हणतात. आळशी असतीलही काही, पण तिला रोजचे पाच तास मिळाले आणि त्याला मिळाले नाहीत, हे आधी बघा. आणि नोकरी सोडून शिकायचं म्हटलं तर? अभ्यासरजेचा कायदा आहे इथं, १९७९ चा, त्याच मालकाकडे वर्षभर काम झालेलं असेल तर पाच वर्षांत दोन वर्षांपर्यंत रजा मिळू शकते. पण बिनपगारी. त्या काळात आधार म्हणून प्रौढशिक्षण भत्ता होता, त्याला कामाच्या वर्षांची अट होती त्यामुळे परदेशी माणसाला तसाही सहज मिळायचा नाही, पण होता. तो याच सरकारनं ऑगस्ट २०२४ पासून बंद केला. एका हातानं भाषेची अट वाढवायची आणि दुसऱ्या हातानं शिकायचे रस्ते बुजवायचे, आणि वर म्हणायचं की स्थलांतरितांनी प्रयत्न केले पाहिजेत.

जर्मनीशी तुलना करू, कारण ती आपल्या लोकांना जवळची आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बसून माणूस बी१ करून विमानात बसू शकतो, कितीतरी जण करतातही. तिकडे गेल्यावर एकात्मता कोर्स, त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती, तास मोजलेले, शेवटची परीक्षा ठरलेली. म्हणजे अट बी१ ची आहे तर बी१ ला किती तास लागतात हेही सरकारनं कागदावर लिहिलंय. फिनिशसाठी पुण्यात असं काही नाही, आणि नसणारच, छोटी भाषा आहे, तो दोष कोणाचा नाही. पण म्हणूनच तास इथंच द्यायला हवेत, माणूस इथं येऊनच पहिला धडा वाचणार आहे.

हा वेळ मिळत नाही म्हणून मग तयारीचं काय होतं, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. माणूस भाषा शिकायचं सोडतो आणि युकी शिकायला लागतो. लेखनाच्या भागात तीन कामं असतात, एक मित्राला मेसेज, एक औपचारिक पत्र, बहुतेकदा तक्रार नाहीतर विनंती, आणि एक मत मांडणारा मजकूर. या तिन्हीचे साचे तयार आहेत, अपेक्षित प्रश्नसंच फिरतात, फोल्डरच्या फोल्डर. "माझ्या मते ही महत्त्वाची बाब आहे, कारण", "एका बाजूला असं, दुसऱ्या बाजूला तसं", "मी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे". घोकंपट्टीत आपला हात कोण धरणार, दहावी-बारावी त्यावरच काढलीय. एखाद्याला वॉशिंग मशीन बिघडल्याची तक्रार अशी झक्क लिहिता येते की दुकानदार रडेल, पण त्याच माणसाचं खरं मशीन बिघडलं की तो कस्टमर केअरला फोन लावून पहिलं वाक्य इंग्रजीत विचारतो, तुम्ही इंग्रजी बोलता का. मी त्याला दोष देत नाही. आठवड्याला चार तास असतील तर मीही साचेच पाठ करीन.

बोलण्याचा भाग तर बघण्यासारखा असतो. समोर माणूस नसतोच. भाषेच्या लॅबमध्ये ओळीनं बसवतात, कानावर हेडफोन, तोंडाशी माइक, मध्ये पातळ पार्टिशन. हेडफोनमध्ये एक बाई बोलते, तू शनिवारी येतोयस ना? कागदावर लिहिलेलं असतं, नाही म्हण, कारण सांग, दुसरा दिवस सुचव. टूंक वाजतं आणि खोलीतले सगळेच्या सगळे एकदम नाही म्हणायला लागतात, कोणी रशियन ढंगात, कोणी व्हिएतनामी, शेजारचा आपल्यापेक्षा जोरात बोलतोय आणि त्याचं कारण आपल्या कारणापेक्षा चांगलं आहे हे अर्धवट ऐकू येतंय, त्यात आपलं क्रियापद हरवतं. परत टूंक. वेळ संपली. बाई पुढचं वाक्य बोलते, तुम्ही काय बोललात त्याच्याशी तिचा काही संबंध नाही, तुम्ही गप्प राहिला असतात तरी ती "अरे वा, मग रविवारी भेटू" म्हणणारच होती. एका वेळी इतक्या लोकांना तपासायचं तर मशीन लागणार, हे कळतं मला, सगळ्यांना सारखाच प्रश्न मिळतो हाही फायदा. पण ज्या माणसानं बोलणं म्हणजे काय ते खऱ्या माणसांबरोबर कधी केलंच नाही त्याला हे मशीन जास्त सोपं जातं आणि जो बाजारात, बसमध्ये बोलून बोलून शिकलाय तो तिथं गडबडतो. हे उलटं आहे ना?

आणि बाजारात बोलून शिकणाऱ्याचं दुखणं आणखी निराळं. पुस्तकातलं फिनिश आणि तोंडातलं फिनिश यात एवढं अंतर आहे की सुरुवातीला आपण चुकीची भाषा शिकलो की काय असं वाटतं. पुस्तकात "मिना ओलेन", रस्त्यावर "मॅ ओन". पुस्तकात पूर्ण, स्वच्छ, प्रत्येक प्रत्यय जागेवर, आणि ऑफिसच्या कॉफीच्या मशीनपाशी अर्धे स्वर गिळलेले. आपण पुस्तकातलं बोललो की लोकांना आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटत असणार, ते कौतुकानं हसतात आणि लगेच इंग्रजीवर येतात. चांगुलपणानंच येतात. समोरच्याला त्रास होऊ नये, काम पटकन व्हावं, बस. पण या चांगुलपणानं भाषेचं जेवढं नुकसान होतं तेवढं कुठल्या कायद्यानं होत नसेल. आमच्या टीममध्ये सात जण फिनिश आणि एक मी असेन तरी मीटिंग इंग्रजीत, आणि मग परमिटच्या वेळी तेच सरकार मला विचारणार की एवढी वर्षं तू फिनिश लोकांत काम करतेस, तुला फिनिश कसं येत नाही.

भाषा अवघड आहे, पण तिचा जेवढा बाऊ केला जातो तेवढी आपल्याला अवघड जायला नको, निदान मराठी माणसाला. पंधरा विभक्त्या ऐकून इंग्रज घाबरेल, आपण का घाबरायचं? रस्ता शब्दाला वर लावायचं झालं की आपण रस्तावर म्हणत नाही, रस्त्यावर म्हणतो, आधी शब्दाचं अंग बदलतं मग प्रत्यय चिकटतो. तिकडे कातू म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर म्हणजे कादुल्ला, त चा द झाला आणि शेपूट लागलं. नियम वेगळा आहे, पण डोक्यात ती खोली आधीपासून बांधलेली आहे, फक्त सामान हलवायचंय. लिंगभेद नाहीच, तो आणि ती दोघांना एकच सर्वनाम. भविष्यकाळ वेगळा नाही. पार्टिटिव्ह नावाच्या विभक्तीनं मात्र भल्याभल्यांना रडवलंय, तिथं माझ्याकडेही उपाय नाही.

स्वीडिशची पळवाट राहिलीच. कायद्यानं फिनिश किंवा स्वीडिश कुठलीही चालते, दोन्ही राष्ट्रभाषा, आणि इंग्रजी येणाऱ्याला स्वीडिश खूपच लवकर येते. म्हणून ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी सल्ला देतंच, अहो स्वीडिश करून टाका, सहा महिन्यांत सुटाल. वासाकडे राहत असाल तर जरूर करा, तिथं स्वीडिश बोलणारे भरपूर आहेत, भाषा कामाला येईल. पण एस्पोच्या लेप्पावारात राहून, जिथं पायऱ्यांवर भेटणारे बहुतेक जण फिनिश बोलतात, केवळ कागदासाठी स्वीडिश करणं म्हणजे ती सोसायटीची सभा परत हातची घालवणं. बेकायदा नाही, चूकही म्हणणार नाही, ज्याच्यावर वेळ येते त्याला कळतं. पण हा रस्ता लोकांना आकर्षक वाटतो याचाच अर्थ फिनिशला लागणारा वेळ त्यांच्याकडे नाही.

मग कामाच्या तासांत शिकवायचं म्हणजे नक्की काय? काही नवीन शोधायची गरज नाही. कामाच्या जागीच फिनिश शिकवायची योजना इथं आहेच, ज्यात मालक आणि सरकार मिळून खर्च उचलतात. दवाखाने, वृद्धाश्रम, सफाईच्या कंपन्या ती वापरतात, कारण त्यांना भाषेवाचून चालतच नाही, केरळहून किंवा फिलिपिन्सहून आलेल्या नर्सला औषधाचा डोस फिनिशमध्येच समजावा लागतो. भाषा तिथं कामाचा भाग धरली जाते, म्हणून तिला कामाचा वेळ मिळतो. आयटी कंपन्या म्हणतात आमची कामाची भाषा इंग्रजी, विषय संपला, फार तर एखाद्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन देतात, तेही दुपारच्या सुट्टीत वापरा. पण त्याच कंपन्या बाहेरून माणसं टिकत नाहीत म्हणून रडतात, आणि माणूस टिकणार की नाही हे आता कायद्यानंच भाषेला बांधलंय. आठवड्याला चार तास, तीन वर्षं, वर्षाला चाळीस-बेचाळीस आठवडे धरले तर पाचशे तास झाले, वर सांगितलेले साडेपाचशे जवळपास भरले. आठवड्याच्या साडेसदतीस तासांतले चार, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. कंपनीला महाग आहे का? आहे. अर्धं सरकारनं द्यावं, अट सरकारची आहे. आणि छोट्या कंपनीला नाही परवडत तर दोन तास द्या, पण कामाच्या वेळेत द्या, आणि त्या दोन तासांत मीटिंग टाकू नका.

याला आमच्याच लोकांकडून एक उत्तर येतं, की फुकट वेळ दिला तरी लोक शिकणार नाहीत, कॅमेरा बंद करून वर्गात बसतील. काही बसतील. ऑफिसच्या बाकीच्या ट्रेनिंगमध्येही तेच बसतात, म्हणून कोणी ट्रेनिंग बंद केलेलं नाही. दुसरं उत्तर येतं की युकीच्या जागा वाढवा, बाकी आमचं आम्ही बघतो. जागा वाढवल्याच पाहिजेत, त्यात वादच नाही, अट कायद्यात आणि परीक्षेला खुर्ची नाही हे कुठल्याही देशाला शोभत नाही. पण नुसत्या जागा वाढल्या तर साचे पाठ केलेली माणसं जास्त संख्येनं पास होतील, सोसायटीच्या सभेत परत अ‍ॅप उघडून बसायला.

हे मागायचं कुठं, तर मला वाटतं मंत्र्याला ईमेल लिहून उपयोग नाही, आपल्याला इथं संसदेसाठी मत नाही. पगार, सुट्ट्या, कामाचे तास हे इथं क्षेत्रनिहाय सामूहिक करारांत ठरतं आणि ते करार युनियन करतात. आपण बहुतेक जण नोकरी गेली तर भत्ता मिळावा म्हणून फक्त बेकारी फंडाचे सभासद होतो, युनियनची वर्गणी वाचवतो, आणि युनियनला वाटतं या परदेशी लोकांना काही मागायचंच नाहीये. एकदा सभासद व्हा, कंपनीतल्या विश्वस्त प्रतिनिधीला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला गाठा, तो निवडून आलेला असतो आणि त्याला तुमचं ऐकावंच लागतं, आणि सांगा की पुढच्या वाटाघाटीत भाषेचे तास हा मुद्दा घ्या. मॅनेजरकडेही मागा, वार्षिक बोलणीत, लेखी. पगारवाढ मागताना जेवढं धिटाईनं बोलतो तेवढंच बोलायचं. माझ्या मॅनेजरनं पहिल्यांदा नाही म्हटलं, नंतर मंगळवारची सकाळ दिली, आणि आता त्या मंगळवारी माझ्याबरोबर दोन बंगाली, एक ब्राझिलियन आणि एक चेन्नईचा असे आम्ही एका छोट्या मीटिंग रूममध्ये बसतो, शिक्षिका अर्धा वेळ पुस्तक बाजूला ठेवून नुसत्या गप्पा मारायला लावते, गिळलेल्या स्वरांसकट.